ओव्हनमध्ये फॉईल, चुलीजवळ कापूस : स्वयंपाकघरात आग कशी लागते आणि ती कशी टाळायची

नंदुरबार : लग्नाच्या आहेरात मिळालेला मायक्रोवेव्ह, मोबाईलवरून मागवलेला ओटीजी, केक-नानकटाई करून विकणाऱ्या ताईंचा छोटा भट्टीवजा ओव्हन. शहादा, नवापूर, तळोद्यासारख्या गावांत आणि त्यांच्या आजूबाजूच्या खेड्यांत अशा वस्तू आता घरात दिसू लागल्या आहेत. त्यांच्यासोबत चांदीसारखा चमकणारा अॅल्युमिनियम फॉईलचा रोलही आला. पोळ्या त्यात, हॉटेलचं पार्सल त्यात, वांगं भाजायचं तेही त्यात.

पण त्याच घरात कोपऱ्यात चूल आहे, बाजूला गॅस सिलिंडर आहे, आणि कापसाचा भाव वाढेपर्यंत पुढच्या खोलीत कापूसही भरलेला आहे. नवी वस्तू आली की आगीचं नवं कारण येतं. जुनं कारण मात्र घरातून जात नाही.

आपल्या जिल्ह्यात अग्निशमन बंब असतो तो नगरपालिकेच्या गावी. धडगाव, मोलगीकडच्या पाड्यावर घाट चढून मदत येईपर्यंत वेळ जातोच. म्हणून पहिली पाच-दहा मिनिटं घरातल्या माणसांच्याच हातात असतात. त्या वेळी काय करायचं आणि मुळात ती वेळ येऊ नये म्हणून काय करायचं, हे या माहितीत कारणासकट दिलं आहे. कारण कळलं की नियम पाठ करावा लागत नाही.

आगीला तीनच गोष्टी लागतात

जळणारी वस्तू, हवा आणि उष्णता. तिन्ही एकत्र आल्या की आग लागते. तिन्हीतली एक काढली की आग विझते. गॅस बंद केला की उष्णता गेली. कढईवर झाकण ठेवलं की हवा गेली. चुलीजवळचं सरपण हलवलं की जळणारी वस्तू गेली. खाली दिलेली प्रत्येक सूचना या तीनपैकी एक काढण्यासाठीच आहे.

आधी बघा, तुमच्याकडे कोणता ओव्हन आहे

लोक सगळ्यालाच ‘ओव्हन’ म्हणतात आणि घोळ इथेच होतो. घरात येणारे ओव्हन तीन प्रकारचे असतात.

१) ओटीजी : आत वर आणि खाली सळ्या असतात. बटण फिरवलं की त्या लालबुंद होतात. ही विजेवर चालणारी छोटी भट्टीच समजा. यात उष्णता सळ्यांमधून येते.

२) साधा मायक्रोवेव्ह : आत सळ्या दिसत नाहीत. काचेची गोल थाळी फिरते. यात डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी अन्नातलं पाणी तापवतात.

३) कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह : एकाच डब्यात दोन्ही सोयी. बटणावर ‘मायक्रो’, ‘कन्व्हेक्शन’, ‘ग्रिल’, ‘कॉम्बी’ असं लिहिलेलं असतं.

फॉईल चालेल की नाही हे यावरून ठरतं. ओटीजीत सांभाळून चालतं. मायक्रोवेव्हमध्ये नाही. तिसऱ्या प्रकारात ‘मायक्रो’ आणि ‘कॉम्बी’ या दोन्ही बटणांवर लहरी सुरू असतात, तेव्हा फॉईल ठेवायचं नाही. फक्त ‘कन्व्हेक्शन’वर चालेल का, ते कंपनीच्या माहितीपुस्तिकेत बघा. पुस्तिका हरवली असेल तर फॉईल ठेवूच नका.

मायक्रोवेव्हमध्ये फॉईल ठेवलं तर ठिणग्या का उडतात?

मायक्रोवेव्हच्या लहरी धातूच्या आत शिरत नाहीत, त्या परत फिरतात. पण धातूच्या पृष्ठभागावर त्या वीज खेळवतात. फॉईल माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतं. चुरगळलं की त्याला शेकडो टोकं आणि कडा तयार होतात. वीज अशा टोकांवर गोळा होते आणि तिथून उडी मारते. आपल्याला दिसते ती ठिणगी. तिच्याजवळ कागद, तुपाचा थर किंवा प्लास्टिकचा डबा असला की तो पेट घेतो. काही पेटलं नाही तरी लहरी तयार करणारा भाग खराब होऊ शकतो, आणि तो दुरुस्त करणं महागात जातं.

एक प्रश्न नेहमी विचारला जातो : मायक्रोवेव्हच्या आतल्या भिंतीही पत्र्याच्याच आहेत, मग त्यांना काही का होत नाही? कारण त्या गुळगुळीत, जाड आणि एकमेकींना जोडलेल्या असतात. विजेला गोळा व्हायला टोकच मिळत नाही. आतल्या भिंतीवरचा रंग उडून गंज चढला असेल तर मात्र तिथेही ठिणगी उडू शकते. असा मायक्रोवेव्ह दुरुस्त करून घेतल्याशिवाय वापरू नका.

फॉईलसोबत या वस्तूही मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका :

- स्टीलचा डबा, पितळी वाटी, चमचा
- सोनेरी किंवा चंदेरी किनार असलेली कपबशी
- आतून चंदेरी अस्तर असलेली हॉटेलची पार्सल पिशवी किंवा डबा
- स्टेपलरची पिन लावलेली कागदी पिशवी, वर्तमानपत्राचा कागद
- कवचासकट अंडं (आत वाफ कोंडून ते फुटतं आणि उकळता बलक अंगावर उडतो)
- ओले कपडे सुकवायला ठेवणं तर अजिबात नको

आणि मायक्रोवेव्ह रिकामा चालवू नका. आत पाणी किंवा अन्न नसलं तर लहरींना शोषून घेणारं काहीच नसतं आणि मशीनच तापतं.

ओटीजीत फॉईल : चालतं, पण असं

घरगुती ओटीजी साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. अॅल्युमिनियम वितळतं ६६० अंशाला. म्हणजे ओटीजीत फॉईल वितळायची किंवा पेटायची भीती नसते. मग आग कशामुळे लागते? फॉईलवरून सांडलेल्या तेला-तुपामुळे, आणि फॉईल चुकीच्या जागी ठेवल्यामुळे.

फॉईल सळीला टेकू देऊ नका. वरच्या आणि खालच्या, दोन्ही सळ्यांपासून फॉईल दूर राहिलं पाहिजे. पंख्याचा ओव्हन असेल तर सैल फॉईल उडून सळीवर जाऊन बसतं, म्हणून कडा भांड्यावर नीट दाबून घ्या.

ओटीजीच्या तळाला फॉईल अंथरू नका. तळ स्वच्छ राहावा म्हणून अनेक जण असं करतात. पण त्यामुळे खालच्या सळीची उष्णता अडते, तिथला पत्रा जास्त तापतो आणि वरून गळलेलं तूप फॉईलवर साचून पेटतं. गळणारं खाली पडू नये म्हणून ओटीजीसोबत येणारा ट्रे वापरा आणि प्रत्येक वेळी तो धुवून ठेवा.

जाळी पूर्ण झाकू नका. ओव्हनमधली गरम हवा फिरायला जागा लागते. सगळी जाळी फॉईलने झाकली तर खालचं करपतं, वरचं कच्चं राहतं आणि आपण तापमान आणखी वाढवतो.

फॉईलची चकाकणारी बाजू आत की बाहेर, यावरून घरोघरी वाद असतो. घरच्या स्वयंपाकात त्याने फरक पडत नाही. कारखान्यात शेवटच्या फेरीला दोन पत्रे एकत्र लाटतात, त्यामुळे एक बाजू चकचकीत आणि एक मंद राहते, एवढंच.

बटर पेपर म्हणून बाजारात मिळणारा प्रत्येक कागद ओव्हनसाठी नसतो. मेण लावलेला कागद गरमीने वितळतो आणि पेटतो. पाकिटावर ‘ओव्हनसाठी’ असं लिहिलेलं आहे का आणि किती अंशापर्यंत चालतो, ते बघूनच घ्या.

भरताचं वांगं ओव्हनमध्ये भाजताना

खानदेशात वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजायची पद्धत. आता कोणी ते फॉईलमध्ये गुंडाळून ओटीजीत ठेवतात. चालेल, पण आधी वांग्याला सुरीने तीन-चार ठिकाणी टोचा. न टोचलेल्या वांग्यात वाफ कोंडते आणि ते फुटतं. फॉईल उघडताना चेहरा बाजूला ठेवा, आतली वाफ एकदम बाहेर येते. आणि खरं सांगायचं तर फॉईलमध्ये वांगं भाजलं जात नाही, वाफवलं जातं. काड्यांच्या धुराची चव हवी असेल तर काड्याच बऱ्या. फक्त त्या घराबाहेर, वारा पडलेला असताना पेटवा आणि जवळ पाण्याची बादली ठेवा.

शेगडीच्या बर्नरभोवती फॉईल लावू नका

शेगडी खराब होऊ नये म्हणून बर्नरभोवती फॉईल लावायचे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात. ते करू नका. बर्नरला खालून आणि बाजूने हवा लागते. हवा कमी पडली की ज्योत निळीची पिवळी होते, भांडी काळी होतात आणि कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो, त्यामुळे बंद खोलीत तो कळतही नाही. डोकं जड होणं, मळमळणं ही त्याची पहिली लक्षणं. तसं वाटलं तर शेगडी बंद करून लगेच मोकळ्या हवेत या.

कैरी, चिंच, आमचूर आणि फॉईल

आंबट आणि खारट पदार्थ अॅल्युमिनियम खातात. लोणचं, चिंचेचं सार, टोमॅटोची चटणी किंवा अक्राणीचं आमचूर घातलेली भाजी फॉईलमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवली तर सकाळी फॉईलला बारीक छिद्रं पडलेली दिसतात. गेलेला धातू भाजीत उतरलेला असतो. स्टीलच्या भांड्यात खारट भाजी ठेवून वर फॉईल चिकटवलं तर हे आणखी लवकर होतं. आंबट पदार्थ काचेच्या, चिनी मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात स्टीलचंच झाकण ठेवून ठेवा. कोरडी भाकर किंवा पोळी फॉईलमध्ये बांधायला हरकत नाही.

प्लग आणि वायर : दिसत नाही ती आग

ओव्हनची आग अनेकदा ओव्हनमध्ये नाही, भिंतीतल्या बोर्डात लागते. हिशोब सोपा आहे. २००० वॅटचा ओटीजी २३० व्होल्टवर साधारण पावणेनऊ अॅम्पिअर वीज ओढतो. मोबाईल चार्जर आणि पंख्यासाठी असलेला लहान सॉकेट ६ अॅम्पिअरचा असतो. तिथे ओटीजी लावला की सॉकेट तापतो, प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं आणि पेट घेतं.

- ओव्हन, गिझर, इंडक्शन शेगडी नेहमी १६ अॅम्पिअरच्या मोठ्या सॉकेटवर लावा.
- एक्स्टेन्शन बोर्डावर ओव्हन लावू नका. त्याच बोर्डावर दुसरं काही तर नकोच.
- प्लगची तिसरी, जाड पिन मोडून किंवा दोन पिनचा प्लग लावून वापरू नका. ती अर्थिंगची पिन आहे. ओव्हनच्या पत्र्यात वीज उतरली तर तीच तुम्हाला वाचवते.
- वापरून झाल्यावर प्लगला हात लावून बघा. गरम लागला तर इलेक्ट्रिशियनला दाखवा.
- लाईट गेली की ओव्हन बंद करून प्लग काढा. नाहीतर रात्री लाईट येते आणि रिकामा ओव्हन तापत राहतो.
- ओव्हनच्या वर कपडा, वर्तमानपत्र, प्लास्टिकचे डबे ठेवू नका. मागे आणि बाजूला काही इंच जागा मोकळी सोडा.

ओव्हनच्या आत आग दिसली तर

पहिली गोष्ट : दार उघडू नका. बंद दाराच्या आत हवा थोडी असते, ती संपली की आग आपोआप विझते. दार उघडलं की ताजी हवा मिळून ज्योत बाहेर येते, तुमच्या तोंडावर. बटण बंद करा, भिंतीवरचा स्विच बंद करा. स्विचपर्यंत हात पोहोचत नसेल तर घराचा मेन स्विच पाडा. आग विझल्यावरही ओव्हन थंड होईपर्यंत दार उघडू नका. विजेच्या वस्तूवर पाणी कधीच टाकू नका. आग बाहेर पसरायला लागली तर माणसं घराबाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा.

कढईतलं तेल पेटलं तर पाणी नाही

पापड-कुरडया तळताना, लग्नकार्यात मोठी कढई चढलेली असताना ही आग लागते. तेल आधी धूर सोडतं. धूर दिसला की ते पेटण्याच्या वाटेवर आहे, तेव्हाच गॅस कमी करा.

तेल पेटलंच तर :

१) गॅस बंद करा.
२) स्टीलचं झाकण, ताट किंवा परात बाजूने सरकवत कढईवर ठेवा. वरून आपटू नका.
३) कढई उचलू नका, हलवू नका. पूर्ण थंड होईपर्यंत झाकण उघडू नका.

पाणी का नाही? पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला जातं. तिथे एका क्षणात त्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा घेते. ती वाफ पेटतं तेल छपरापर्यंत उडवते. घरात कौलाखाली लाकूड-बांबू असेल तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

चूल आणि सिलिंडर एकाच खोलीत असेल तर

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पाड्या-पाड्यावर सिलिंडर पोहोचला. पण भाकरीसाठी, पाणी तापवायला चूलही राहिली. आपल्याकडे अनेक घरांत दोन्ही एकाच खोलीत आहेत. ही जोडी धोक्याची आहे आणि त्याचं कारण नीट समजून घ्या.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जवळपास दीड ते दोन पट. गळती झाली की तो वर जात नाही, जमिनीवर पाण्यासारखा पसरतो. खोलीच्या हवेत शंभरात साधारण दोन भाग गॅस मिसळला तरी तो पेटू शकतो. आणि चुलीतला निखारा असतो कुठे? जमिनीवरच. म्हणजे गळलेला गॅस सरळ विस्तवाकडे जातो.

शक्य असेल तर चूल ओसरीवर किंवा बाहेरच्या पडवीत न्या. ते जमत नसेल तर चूल पेटलेली असताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद ठेवा. दोन्ही एकाच वेळी चालवू नका.

सिलिंडरच्या बाबतीत एवढं लक्षात ठेवा :

- सिलिंडर नेहमी उभा ठेवा. आडवा कधीच नाही.
- शेगडी सिलिंडरपेक्षा उंच जागी, ओट्यावर किंवा लाकडी नव्हे अशा टेबलावर ठेवा.
- सिलिंडर खड्ड्यात, बंद कपाटात किंवा तळघरात ठेवू नका. जमिनीलगत हवा जायला वाट हवी.
- नळी आयएसआय मार्कची, जास्तीत जास्त दीड मीटर. केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला. भेग पडली, उंदराने कुरतडली तर त्याच दिवशी.
- सिलिंडर घेताना सील बघा आणि तोंडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा. काडी पेटवून गळती शोधू नका.
- दोरीने बांधलेली पांढरी टोपी फेकू नका. गळती झाली तर रेग्युलेटर काढून तीच बसवायची असते.
- सिलिंडरच्या गळ्याजवळच्या पट्टीवर आतल्या बाजूने एक अक्षर आणि आकडा असतो, उदाहरणार्थ ‘बी २८’. ही पुढच्या तपासणीची मुदत आहे. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर, डी म्हणजे डिसेंबरअखेर. ‘बी २८’ म्हणजे जून २०२८ पर्यंत. मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नका, बदलून मागा. तो तुमचा हक्क आहे.

गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम सडका वास मिसळतात. तो वास आला तर :

१) लाईटचं कोणतंही बटण दाबू नका. चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंद राहू द्या. बटणातही ठिणगी उडते.
२) चूल, देवाचा दिवा, उदबत्ती, बिडी विझवा.
३) रेग्युलेटर बंद करा, जमलं तर काढून पांढरी टोपी बसवा.
४) दारं-खिडक्या उघडा, मुलं आणि म्हातारी माणसं बाहेर काढा.
५) घरापासून लांब गेल्यावर मोबाईलवरून १९०६ वर फोन करा. गॅस गळतीसाठी हा नंबर चोवीस तास चालतो.

रेग्युलेटरजवळ छोटी ज्योत लागली असेल आणि हात पोहोचत असेल तर ओलं पोतं किंवा ओलं जाड कापड टाकून रेग्युलेटर बंद करा. ज्योत मोठी असेल तर धाडस नको, सगळे बाहेर पडा आणि शेजाऱ्यांनाही लांब न्या.

चूल, कुडाचं घर आणि घरात भरलेला कापूस

होळी झाली की वारा सुटतो आणि ऊन कडक होतं. कुडाच्या भिंती, बांबू, गवत आणि पाचटाचं छप्पर, सगळं कोरडं ठणठणीत होतं. या दिवसांत चुलीची एक ठिणगी पुरते.

- चुलीच्या तिन्ही बाजूंनी मातीची किंवा विटांची भिंत असू द्या. कुडाची भिंत चुलीजवळ असेल तर ती दोन्ही बाजूंनी माती-शेणाने जाड लिंपा. लिंपण गळून बांबू उघडा पडला की लगेच डागडुजी करा.
- चुलीच्या बरोबर वर सरपण, मक्याची कणसं, गोवऱ्या वाळत ठेवू नका. काड्या चुलीपासून चार-पाच पावलं लांब.
- झोपायच्या आधी निखारे पाण्याने विझवा. राखेत झाकलेला विस्तव वाऱ्याने रात्री उघडा पडतो.
- राख लगेच उकिरड्यावर टाकू नका. राखेच्या आत निखारा कित्येक तास जिवंत राहतो. आधी पाणी शिंपडा, मग टाका.
- लांब पदर, ओढणी कमरेला खोचा. नायलॉनचं कापड पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. चुलीपुढे सुती कपडा बरा.
- चिमणी किंवा दिवा मच्छरदाणीजवळ, कापसाच्या ढिगाजवळ ठेवू नका.

कापसाविषयी वेगळं सांगायला हवं. भावाची वाट बघत अनेक शेतकरी कापूस घरातच साठवतात. कापूस पेटला की नेहमी ज्योत दिसतेच असं नाही. ठिणगी आत शिरते आणि तासन् तास आतल्या आत धुमसत राहते. वरून पाणी मारलं, धूर थांबला, आता विझलं असं वाटतं, आणि पहाटे पुन्हा पेटतं. म्हणून कापसाला झळ लागली तर जळका भाग घराबाहेर ओढून काढा, पूर्ण विस्कटा, पाण्याने भिजवा आणि रात्रभर कोणीतरी जागं राहा. शक्यतो कापूस आणि चूल एका खोलीत नको. कापसाच्या खोलीत बिडी ओढू नका, उघडी वायर ठेवू नका.

दारात दोन बादल्या पाणी आणि एक बादली वाळू किंवा कोरडी माती कायम भरलेली असावी. लाकूड, कापड, गवत पेटलं तर पाणी. तेल किंवा विजेची आग असेल तर पाणी नाही. तिथे झाकण किंवा माती-वाळू.

कपडे पेटले तर पळू नका

पळालं की हवा लागून आग भडकते. जागीच थांबा, जमिनीवर झोपा, तोंड हातांनी झाका आणि लोळा. दुसऱ्याचे कपडे पेटले असतील तर त्याला खाली पाडून घोंगडी, गोधडी किंवा जाड सुती चादर गुंडाळा. नायलॉनचं किंवा टेरिकॉटचं कापड टाकू नका.

भाजल्यावर हळद, टूथपेस्ट, शाई नको

भाजलेल्या जागेवर लगेच साधं थंड पाणी सोडा, सलग २० मिनिटं. नळ नसेल तर तांब्याने ओतत राहा. पाणी कमी असेल तर स्वच्छ कापड भिजवून ठेवा आणि गरम झालं की पुन्हा भिजवा. बांगड्या, अंगठी, पैंजण, कडं सूज यायच्या आधी काढा. कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका. फोड फोडू नका. बर्फ लावू नका, त्याने कातडी आणखी खराब होते. तेल, तूप, हळद, टूथपेस्ट, चुना, शाई यांतलं काहीही लावू नका. त्याने उष्णता आतच राहते, जखम चिघळते, आणि डॉक्टरांना ते खरवडून काढावं लागतं, तेव्हा माणसाचे हाल होतात. नंतर स्वच्छ सुती कपड्याने सैल झाकून दवाखान्यात न्या.

तळहातापेक्षा मोठी जखम, चेहरा, हात, सांधा किंवा गुप्तांग भाजलं असेल, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, विजेने भाजलं असेल किंवा धूर छातीत गेला असेल, तर घरी थांबू नका. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे.

नुकसान झालं तर काय करायचं

गॅसच्या दुर्घटनेसाठी तेल कंपन्यांनी विमा काढलेला असतो. त्याचा वेगळा हप्ता ग्राहकाला भरावा लागत नाही. अनेकांना हे माहीतच नसतं. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार मृत्यू झाल्यास प्रत्येकी ६ लाख रुपये, उपचारासाठी एका व्यक्तीला जास्तीत जास्त २ लाख आणि एका घटनेसाठी एकूण ३० लाख, तर नोंदणी असलेल्या पत्त्यावरच्या घराचं नुकसान झाल्यास जास्तीत जास्त २ लाख रुपये अशी मर्यादा आहे.

यासाठी घटना झाल्याबरोबर गॅस एजन्सीला लेखी कळवा आणि पोलीस ठाण्यात नोंद करा. पुढे कंपनी तपास करून विमा कंपनीकडे पाठवते. उपचाराची बिलं, दवाखान्याचे कागद जपून ठेवा. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल आणि मृत्यू दाखलाही लागतो. कनेक्शन ज्या पत्त्यावर आहे तिथेच सिलिंडर वापरा, दुसऱ्याच्या नावाचा सिलिंडर घेऊन चालवू नका. नळी आणि रेग्युलेटरची पावती जपून ठेवा.

घर, धान्य, कापूस जळाला तर तलाठ्याला लगेच कळवून पंचनामा करून घ्या. जळालेल्या वस्तू हलवायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. गाय, बैल, शेळ्या दगावल्या असतील तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखलाही घ्या.

हे नंबर आजच मोबाईलमध्ये सेव्ह करा

- अग्निशमन : १०१
- सर्व आपत्कालीन मदत : ११२
- रुग्णवाहिका : १०८
- गॅस गळती : १९०६
- वीज तक्रार : १९१२

याशिवाय आपल्या जवळच्या नगरपालिकेच्या अग्निशमन विभागाचा नंबर, पोलीस पाटील, सरपंच आणि टँकर किंवा फवारणीचा पंप असलेल्या दोन शेतकऱ्यांचे नंबर गावाच्या ग्रुपवर वरच पिन करून ठेवा. बंब पोहोचेपर्यंत टँकर आणि ट्रॅक्टरच कामी येतो. आणि ही माहिती फक्त ग्रुपवर टाकून सोडू नका. घरात जी व्यक्ती रोज चुलीपुढे किंवा शेगडीपुढे उभी असते, तिला ती एकदा वाचून दाखवा.